सिमेंट, शिंपला आणि पाऊस : मुलुंडमधील एका घरगुती ‘लाइव्ह रॉक’चे प्रकरण

मुलुंड पूर्व येथील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेत राहणाऱ्या मायलेकींनी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी खाऱ्या पाण्याची टाकी लावायचे ठरवले, तेव्हा पहिला अडसर खडकाचा आला. आई बँकेत नोकरीला, मुलगी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला. गोड्या पाण्यातील मासे पाळण्याचा दोघींना चांगला अनुभव होता. परंतु मरीन टँकचे गणित वेगळे असते आणि त्या गणिताचा पाया लाइव्ह रॉक हा असतो, हे त्यांना वाचून माहीत झाले होते. माझ्या घरी अशी टाकी बरीच वर्षे चालू असल्याने त्यांनी मला सल्ल्यासाठी बोलावले. त्या उन्हाळ्यापासून पुढील वर्षापर्यंत जे घडले ते येथे सविस्तर नोंदवीत आहे, कारण सिमेंटपासून खडक बनवण्याच्या कृती पुष्कळ मिळतात, पण तो खडक माशांसाठी सुरक्षित झाला की नाही हे कसे ठरवावे, याविषयी नेमके फार थोडे लिहिले जाते.

लाइव्ह रॉक म्हणजे मुळात मृत प्रवाळांचे सच्छिद्र सांगाडे. त्यांच्या पृष्ठभागावर आणि आतल्या पोकळ्यांत जिवाणू, शैवाल, बारीक कृमी आणि कवचधारी जीव यांची वस्ती झालेली असते. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून तयार होणारा अमोनिया एका प्रकारचे जिवाणू नायट्राइटमध्ये बदलतात, दुसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात आणि खडकाच्या गाभ्यात, जेथे प्राणवायू जवळजवळ पोहोचत नाही, तेथे काही जिवाणू नायट्रेटमधील नायट्रोजन वायुरूपाने मोकळा करतात. साधारण हिशेब दर दहा लिटर पाण्यामागे एक किलोच्या आसपास खडक असा धरला जातो. या टाकीत प्रत्यक्ष पाणी २०० लिटर राहणार होते. म्हणजे वीस किलो खडक हवा होता.

हा खडक विकत घेण्याचा मार्ग त्यांच्यासाठी बंद होता आणि तो बंद असणे योग्यच आहे, असे माझे ठाम मत आहे. भित्ती बांधणारे सर्व कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांचे सांगाडे उचलणे, बाळगणे किंवा विकणे हा गुन्हा आहे. तरीही शहरातील एका विक्रेत्याने ‘दक्षिणेकडून आलेला अस्सल माल’ आठवडाभरात आणून देण्याची तयारी दाखवली होती. मुलीने त्यावर आईला एवढेच विचारले की, ज्या प्रवाळांचे रक्षण व्हावे असे आपण म्हणतो, त्यांचीच हाडे घरात कशी मांडायची? मुंबईच्या स्वतःच्या किनाऱ्यावरही प्रवाळ आहेत. सागरी किनारा मार्गाच्या कामासाठी, २०२० मध्ये, वरळी आणि हाजी अली येथील प्रवाळांच्या वसाहती काळजीपूर्वक काढून कुलाब्याच्या बाजूला नेण्यात आल्या, ही बातमी तिच्या वाचनात होती. किनाऱ्यावरचे साधे दगड उचलून आणण्याची सूचना एका नातेवाइकाने केली. पण वांद्र्यापासून कुलाब्यापर्यंत बहुतांश ठिकाणी हाती लागतो तो बेसाल्ट, म्हणजे काळा कातळ, ज्यात सूक्ष्म पोकळ्यांचे जाळे नसते आणि ज्यावर शहराच्या सांडपाण्याचा थर मात्र असतो. तेव्हा खडक घरी घडवायचा, असे ठरले.

साहित्याची निवड

बांधणीसाठी पांढरे सिमेंट घेतले. त्यात लोह आणि मँगनीजचे प्रमाण करड्या सिमेंटपेक्षा बरेच कमी असते. शिवाय ते पाच किलोच्या बंद पिशवीत मिळते, हा मुंबईत मोठा फायदा आहे. हार्डवेअरच्या दुकानात सुटे मिळणारे करडे सिमेंट इथल्या दमट हवेत उघडे राहून गुठळ्या धरते आणि अशा सिमेंटचा खडक नंतर हाताने चुरतो. पांढरे सिमेंट मागितल्यावर दुकानदार पुष्कळदा भिंतीची पुट्टी हातात देतात. पुट्टीत पॉलिमर मिसळलेले असतात, म्हणून पिशवीवरचा मजकूर वाचूनच खरेदी करावी, असे मी त्यांना बजावले होते.

भरडीसाठी कोंबड्यांच्या आणि पक्ष्यांच्या खाद्यात घातला जाणारा शिंपल्यांचा चुरा क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरातून आणला. तो पाणी नितळ येईपर्यंत धुऊन, उकळून, उन्हात वाळवला, कारण त्याला चिकटलेले मांस आणि धूळ पुढे टाकीत फॉस्फेटच्या रूपाने त्रास देतात. पोकळ्या निर्माण करण्यासाठी जाडे खडे मीठ घेतले. मिठाचे खडे सिमेंटमध्ये अडकून राहतात आणि नंतर पाण्यात विरघळले की त्यांच्या जागी छिद्रे उरतात.

प्रमाण मापाने धरले : एक भाग सिमेंट, तीन भाग शिंपल्यांचा चुरा, दोन भाग मीठ. सिमेंट आणि चुरा आधी कोरडे एकत्र करून त्यात अगदी बेताचे पाणी घातले आणि मीठ सर्वांत शेवटी मिसळले. मीठ आधी घातले तर ते ओल्या मिश्रणातच विरघळू लागते आणि छिद्रे होण्याऐवजी सिमेंटच अशक्त होते. पाणी किती घालावे, याची खूण आईने पहिल्याच घाण्यात पकडली. रव्याचा लाडू वळताना मूठ आवळली की मिश्रण आकार धरते पण हाताला ओल सुटत नाही, तितकीच ओल येथे हवी. पाणी जास्त झाले की सिमेंटचा पातळ लगदा तळाशी उतरतो, छिद्रे बुजतात आणि खडक फरशीसारखा गुळगुळीत होतो. हातात रबरी मोजे सतत ठेवले होते. ओले सिमेंट त्वचा भाजते आणि ती जळजळ काही तासांनी जाणवते, म्हणून हाताला काही होत नाही असे वाटून मोजे काढून ठेवू नयेत.

आकार देण्यासाठी प्लास्टिकच्या टबांत ओलसर वाळू भरून तिच्यात खळगे केले, कडांना मीठ भुरभुरले आणि त्यात मिश्रण दाबून न भरता सैल टाकले. दाबून भरणे ही सर्वांत सामान्य चूक असते. मधून गुहा राहाव्यात म्हणून ओल्या वाळूचे गोळे आत ठेवले, जे नंतर काठीने उकरून काढले. तीन दिवस टब प्लास्टिकने झाकून ठेवले. मे महिन्याच्या उन्हात उघडे ठेवले असते तर सिमेंटचा जलसंयोग होण्याआधीच पाणी उडून गेले असते. तयार झालेले खडक बावीस किलोंच्या आसपास भरले. एक कमान काढतानाच मोडली. तो तुकडा फेकून न देता बाजूला ठेवला आणि पुढे तोच सर्वांत उपयोगी पडला.

फसवी चाचणी

सिमेंट घट्ट होताना त्यातील कॅल्शियम सिलिकेटे पाण्याशी संयोग पावतात आणि त्या प्रक्रियेत कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे विरी गेलेला चुना, तयार होतो. चुन्याच्या संपृक्त निवळीचा पीएच १२.४ च्या आसपास असतो. समुद्राच्या पाण्याचा ८.१ ते ८.४. हा चुना हळूहळू पाण्यात उतरत राहतो. पीएच वाढल्याने माशांच्या कल्ल्यांना इजा होतेच, शिवाय अमोनियाचे रूपही बदलते : ८.२ ला एकूण अमोनियाचा दहावा हिस्साही विषारी मुक्त स्वरूपात नसतो, तर ९.२ च्या आसपास जवळपास निम्मा भाग त्या स्वरूपात जातो.

म्हणून खडक गच्चीवर दोन ड्रममध्ये पाण्यात बुडवून ठेवले. दुसऱ्याच आठवड्यात सोसायटीच्या कमिटीचा निरोप आला की, पाणीकपातीच्या दिवसांत असा वापर चालणार नाही. आक्षेप रास्त होता. मायलेकींनी स्वतःच्या आणि शेजारच्या दोन घरांच्या आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी साठवून वापरायला सुरुवात केली, आणि खडकाच्या दृष्टीने ते नळाच्या पाण्यापेक्षा उजवे ठरले. आरओने नाकारलेल्या पाण्यात बायकार्बोनेट अधिक असते. ते छिद्रांतल्या चुन्याशी संयोग पावून तेथेच निरुपद्रवी कॅल्शियम कार्बोनेटचा थर बसवते. ड्रममधून काढलेले पाणी मात्र कुंड्यांना घालू नये, हे सचिवांना आणि माळीकाकांना आवर्जून सांगावे लागले.

पाणी एक दिवसाआड बदलले जात होते आणि मुलगी दर वेळी बदलण्यापूर्वी पीएच मोजून वहीत लिहीत होती. आकडा १२ वरून उतरत जूनच्या आरंभी ८.६ आणि मग ८.३ झाला. सलग काही नोंदी तशाच आल्यावर खडक तयार झाला असे तिला वाटले. गणपतीपूर्वी टाकी लावायची तिची इच्छाही होती. तिचे मामा स्थापत्य अभियंता आहेत आणि जुन्या इमारतींच्या स्ट्रक्चरल ऑडिटचे काम करतात. त्यांनी वही पाहिली.

“मामा, आठवडाभर बघतेय, ८.३ च्या वर जातच नाही.”

“अगं, पाणी सारखं बदलतेस, मग जाईल कसं? आता आठ दिवस हात लावू नकोस, मग मोज.”

आठ दिवस न बदललेल्या त्याच ड्रममधील पाण्याचा पीएच ९.८ आला.

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा येथे आहे. वाढत जाणारा पीएच हा किती वेगाने चुना बाहेर येतो आणि किती वेगाने पाणी बदलले जाते, या दोन्हींचा मिळून परिणाम असतो. पाणी वारंवार बदलणारा माणूस खडकापेक्षा स्वतःच्या नियमितपणाची चाचणी घेत असतो. टाकीत आठवड्याला दहा-पंधरा टक्के पाणी बदलले जाते, त्यामुळे चाचणीतही पाणी तितकेच स्थिर असायला हवे.

मामांनी दुसरी गोष्ट केली. ऑडिटच्या कामात ते काँक्रीटच्या कापलेल्या भागावर फिनॉल्फथॅलीनचे द्रावण टाकतात. जेथे क्षारधर्मी (अल्कधर्मी) चुना शिल्लक असतो तेथे गडद गुलाबी रंग येतो आणि जेथे हवेतील कार्बन डायऑक्साइडने चुन्याचे कार्बोनेट केलेले असते तेथे रंग येत नाही. इमारतीच्या खांबात हा रंगहीन पट्टा आत सरकणे धोक्याचे, कारण आतल्या सळईचे क्षारामुळे होणारे संरक्षण संपते. आमच्या खडकात सळई नव्हती आणि आम्हाला तोच पट्टा हवा होता. मोडलेल्या कमानीचा तुकडा हातोडीने फोडून त्यावर थेंब टाकले, तर जवळजवळ कडेपर्यंत सगळा भाग गुलाबी झाला.

धुण्याने काय होते आणि काय होत नाही

त्या संध्याकाळी आम्ही एक हिशेब मांडला. बावीस किलो खडकात सिमेंट पाच किलोच्या घरात होते. पूर्ण जलसंयोगानंतर त्यातून किमान एक किलो चुना तयार होतो, असे धरायला हरकत नाही. पंचवीस अंश तापमानाला एक लिटर पाण्यात जेमतेम १.६ ग्रॅम चुना विरघळतो. म्हणजे सगळा चुना धुऊन काढायचा तर सहाशे लिटरच्या आसपास पाणी लागेल, आणि तेही प्रत्येक लिटर पूर्ण संपृक्त होऊनच बाहेर गेले तर. प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट. गरम पाणी वापरल्यास काम लवकर होईल ही कल्पनाही चुकीची आहे, कारण चुना गरम पाण्यात कमी विरघळतो. व्हिनेगरमध्ये बुडवण्याचा सल्ला एका दुकानदाराने दिला होता. त्याने पृष्ठभागावरचा चुना निघतो हे खरे, पण त्याचबरोबर नुकताच जमलेला कार्बोनेटचा थर आणि शिंपल्याचा चुराही विरघळतो, खालचे ताजे सिमेंट उघडे पडते आणि चार दिवस पीएच खाली दिसून पुन्हा चढतो. पाणी आपोआप बदलत राहावे म्हणून फ्लशच्या टाकीत खडक ठेवण्याची युक्तीही पुष्कळजण सांगतात. आताच्या लहान टाक्यांत वाळूचा एक कण झडपेत अडकला तरी पाणी गळत राहते, म्हणून ती सोडून दिली.

यावरून दिशा स्पष्ट झाली. सर्व चुना काढणे अशक्य आहे आणि त्याची गरजही नाही. खडकाच्या बाहेरच्या काही मिलिमीटरमधील चुना कार्बोनेटमध्ये बदलला, की आतला चुना त्या थरामागे अडकून अतिशय संथपणे बाहेर येतो. हा बदल होण्यासाठी खडक हवेत असावा लागतो. कायम पाण्यात बुडालेल्या खडकाच्या छिद्रांत पाणी भरलेले असल्याने कार्बन डायऑक्साइड आत फारच संथपणे शिरतो. अगदी कोरड्या खडकातही संयोगासाठी लागणारी ओल नसते. ओले व्हावे, निथळावे, अर्धवट सुकावे आणि पुन्हा ओले व्हावे, अशी आवर्तने हवीत.

मुंबईत जूननंतर याहून सोपी व्यवस्था कोणती? कमिटीची लेखी परवानगी घेऊन खडक भाजीच्या जाळीदार क्रेटमध्ये, विटांवर उचलून, गच्चीच्या पन्हाळीजवळ ठेवले, जेणेकरून निथळलेले पाणी गच्चीवर न साचता थेट खाली जाईल. या शहरात चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पावसाचे पाणी मृदू आणि किंचित आम्लधर्मी असते. त्याला चुना चटकन घेता येतो. दर दहा-बारा दिवसांनी क्रेट जिन्यावरच्या छपराखाली ओढून तीन-चार दिवस वाऱ्यावर सुकवले जात. श्रावणात तर ऊन आणि सरी यांचा खेळ आपोआपच चालू राहिला आणि क्रेट हलवण्याचे कामही उरले नाही. दोन पातळ फांद्या मात्र गळून गेल्या. मृदू पाण्याने सिमेंटमधला बांधणारा भागही थोडा झिजतो, म्हणून बोटाएवढे नाजूक आकार या पद्धतीत टिकत नाहीत.

स्वीकृतीची कसोटी

गणेशोत्सवानंतर मुलीने स्वतः आखलेली चाचणी मला फार आवडली. दोन बादल्यांत टाकीसाठी वापरायचेच खारे पाणी (खारटपणा हजार भागांत ३५) घेतले. एकीत टाकीच्या प्रमाणात, म्हणजे वीस लिटरला दोन किलो, खडक ठेवला. दुसरी रिकामी ठेवली. दोन्हींत सारखेच छोटे पंप लावले. आठवडाभर पाणी बदलले नाही आणि पीएचबरोबर केएचही, म्हणजे पाण्यातील कार्बोनेट-बायकार्बोनेटचे प्रमाणही, मोजले. केएच मोजणे अत्यावश्यक आहे, कारण खारे पाणी पीएचमधली वाढ काही काळ झाकून धरते. चुना उतरत राहिला तर कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा साका पडू लागतो आणि पीएच फारसा न वाढताही केएच घसरते.

पहिल्या फेरीत रिकाम्या बादलीचा पीएच ८.२ राहिला, खडकाच्या बादलीचा ८.७ झाला आणि केएच ८ वरून ६ वर आले. पंपाच्या तोंडाशी पांढरी पूडही दिसली. खडक नापास झाला आणि पुन्हा गच्चीवर गेला. ऑक्टोबरच्या उकाड्यात आरओच्या पाण्याने भिजवणे आणि सुकवणे चालू ठेवले. महिनाअखेरीस घेतलेल्या दुसऱ्या फेरीत पीएच ८.३ आणि केएच ७.७ आले. बाजूला ठेवलेला कमानीचा उरलेला भाग सगळ्यांबरोबर पावसात राहिला होता. तो फोडून थेंब टाकले तेव्हा कडेचा काही मिलिमीटरचा पट्टा रंगहीन आणि गाभा अजूनही गुलाबी होता. गाभा गुलाबी असतानाही पाणी स्थिर राहिले, हे आम्हाला अपेक्षित होते तसेच झाले.

सच्छिद्रतेसाठी एक साधी मोजणी केली. दीड किलोचा कोरडा खडक रात्रभर भिजवून, निथळून पुन्हा तोलला, तर तो पावणेदोन किलोच्या जवळ भरला. पाव किलो पाणी आत शिरले, म्हणजे मिठाने आपले काम केले होते.

खडकात जीव येणे

नोव्हेंबरमध्ये टाकी भरली. या टप्प्यापर्यंत हा निव्वळ दगड होता; ‘लाइव्ह’ म्हणण्यासारखे त्यात काही नव्हते. माझ्या टाकीतला मुठीएवढा एक जुना खडक ओल्या कागदात गुंडाळून दिला. देण्याआधी त्यावर ऐप्टेशिया हे उपद्रवी सागरपुष्प नाही ना, हे भिंगाने पाहिले, कारण एकदा ते शिरले की नव्या टाकीतून काढणे फार कठीण असते. काचेवरून खरवडलेली गुलाबी कोरलाइन शैवालाची पूडही दिली. मासे घालून टाकी ‘सायकल’ करण्याची, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू वाढवण्याची, जुनी रीत मला क्रूर वाटते. त्याऐवजी अमोनियम क्लोराइडच्या द्रावणाने अमोनिया दर लिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत नेला आणि तो उतरला की पुन्हा घातला. पाचव्या आठवड्यानंतर घातलेला अमोनिया आणि त्यातून होणारा नायट्राइट, दोन्ही चोवीस तासांत शून्यावर येऊ लागले. मगच दोन क्लाउनफिश आणले.

जानेवारीत सगळा खडक तपकिरी झाला. हे डायटम, म्हणजे एकपेशीय सूक्ष्म शैवाल. वाळू आणि सिमेंटमधून येणाऱ्या सिलिकावर ते वाढतात आणि ती संपली की ओसरतात. त्यानंतर हिरवे शैवाल आले. आईला ते पाहवेना, पण खडक बाहेर काढून घासू नये, असे मी सांगितले, कारण घासल्याने नुकतीच बसलेली वस्तीही जाते. गोगलगायी सोडल्या आणि दिव्याचा वेळ आठ तासांवर आणला. गुलाबी ठिपके मार्चमध्ये दिसले, आधी पंपाच्या मागे आणि मग माझ्या खडकाला लागून असलेल्या नव्या खडकावर. कॅल्शियम दर लिटरला ४२० मिलिग्रॅमच्या आसपास आणि केएच ८ वर स्थिर ठेवले होते.

एक उणीव मात्र स्पष्ट दिसते. नायट्रेट दर लिटरला २० मिलिग्रॅमच्या खाली सहज जात नाही. अमोनिया हाताळण्यात हा खडक नैसर्गिक खडकाच्या तोडीचा ठरला आहे, पण प्राणवायूविरहित गाभ्यातील जिवाणूंची वस्ती बसायला अधिक काळ लागतो आणि मिठाने केलेली मोठी छिद्रे प्रवाळाच्या सूक्ष्म पोकळ्यांची पूर्ण जागा घेत नाहीत. सध्या ते काम स्किमर (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारे यंत्र) आणि पाणीबदल करतात. पुढील मे महिन्यात आणखी आठ किलो खडक करायचा त्यांचा विचार आहे. त्यासाठी सिमेंटचे प्रमाण एकास चार करावे, मिठाचे खडे दोन आकारांचे घ्यावेत आणि मोडलेली एक कमान चाचणीसाठी राखण्याऐवजी त्याच घाण्यातून चार लहान तुकडे मुद्दाम पाडावेत, म्हणजे दर महिन्याला एक फोडून थेंब टाकता येतील, असे मामांनी सुचवले आहे आणि ते मला पटले आहे.